मालधक्क्याची धूळ, उभ्या इंजिनाचा धूर : नाशिक रोडच्या रहिवाशांनी तक्रार नेमकी कशी करावी

नाशिक रोडवरून जाणाऱ्या मुख्य मार्गावरील गाड्यांमागे धूर दिसेनासा होऊन अर्धशतक उलटले आहे. मुंबईकडून इगतपुरीपर्यंतचा मार्ग १९३० च्या सुमारास विजेवर आला. इगतपुरी ते भुसावळ हा टप्पा १९६० च्या दशकाच्या अखेरीस २५ हजार व्होल्टच्या एसी विजेवर गेला, आणि घाटाच्या बाजूची वीज डीसी असल्यामुळे इगतपुरीला इंजिन बदलण्याचा सोपस्कार पुढे अनेक वर्षे चालू राहिला. त्या थांब्यात आपण सर्वांनी बटाटेवडे खाल्ले. त्यामागचे तांत्रिक कारण फार थोड्यांना ठाऊक होते. सांगायचा मुद्दा असा की, धडधडत पुढे निघून जाणारी गाडी आपल्या हवेची मोठी गुन्हेगार नाही. रेल्वेमुळे होणारे नाशिकमधील हवेचे प्रदूषण शोधायचे असेल, तर धावणाऱ्या गोष्टींपेक्षा थांबलेल्या गोष्टींकडे पाहावे लागते : मालधक्क्यावर रिकामी होणारी सिमेंटची रेक (म्हणजे मालडब्यांची पूर्ण गाडी), तिच्यासाठी इंजिन चालू ठेवून रांगेत उभे असलेले ट्रक, शंटिंगचे, म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे हलवणारे डिझेल इंजिन, रुळांची दुरुस्ती करणारी डिझेल यंत्रे, जनित्रे आणि कडेला पेटवून दिलेला कचरा.

हा फरक लक्षात न घेता केलेली तक्रार साप साप म्हणून भुई धोपटण्यासारखी ठरते. "रेल्वेमुळे प्रदूषण होते, कृपया उपाययोजना करावी" असा अर्ज कोणत्याही टेबलावर पोहोचत नाही, कारण वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीचे टेबल वेगळे आहे. पुढील मजकूर रुळांच्या किंवा मालधक्क्याच्या जवळ राहणाऱ्या, हाताशी थोडा वेळ आणि बराच धीर असलेल्या नागरिकांसाठी आहे.

आधी धूळ ओळखावी

सुरुवात घरातूनच करावी. गॅलरीतील तुळशीचे किंवा जास्वंदीचे एक रुंद पान संध्याकाळी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पांढऱ्या सुती रुमालाच्या कोपऱ्याने एकदाच दाबून पुसावे. रुमालावर उमटलेला डाग उजेडात नीट पाहावा. तपकिरी किंवा विटकरी डाग बहुतेक वेळा रस्त्याच्या आणि बांधकामाच्या मातीचा असतो. करडी, पिठासारखी मऊ पूड सिमेंटची किंवा राखेची असू शकते. या दोन्हींतील फरक खिडकीच्या जाळीवर कळतो : सिमेंटची पूड दवाने किंवा पावसाच्या शिंतोड्याने भिजून वाळली की पांढुरका, नखाने खरवडावा लागणारा कडक थर मागे राहतो, तर राख पाण्याबरोबर सहज निघून जाते. बोटांना किंचित तेलकट लागणारी आणि पुसताना फराटा ओढणारी काळी काजळी ही ज्वलनाची, म्हणजे डिझेल, लाकूड, कचरा किंवा टायर यांच्या धुराची खूण आहे. कोळशाचा चुराही काळाच असतो, पण तो चुरचुरीत लागतो आणि भिंगाखाली त्याचे कण चमकतात.

काही ठिकाणी ब्रेकच्या घर्षणातून उडणारे लोखंडी कण ओळखण्यासाठी चुंबक फिरवून पाहण्याचा सल्ला दिला जातो. नाशिकमध्ये त्यावर विसंबू नये. आपली माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे आणि त्या खडकात मॅग्नेटाइट असते, त्यामुळे अंगणातली साधी मातीसुद्धा चुंबकाला चिकटते. ब्रेकची धूळ असते हे खरे. परंतु नव्या पिढीच्या विद्युत इंजिनांत गाडीचा वेग कमी करताना मोटारच जनित्रासारखी चालते आणि वीज पुन्हा तारेत परत जाते, त्यामुळे ब्रेकच्या ठोकळ्यांची झीज तेवढी कमी होते. कसारा घाटात १ : ३७ असा चढ-उतार आहे, त्यामुळे हा विषय तिथे अधिक महत्त्वाचा आहे, नाशिक रोडच्या सपाटीवर तो मागे पडतो.

डिझेल इंजिनाचा धूर दिसला तर त्याचा रंग लिहून ठेवावा. काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळलेले नाही. इंजेक्टर, हवेची गाळणी किंवा टर्बोचार्जर यांच्यात दोष असू शकतो. शंटिंगचे इंजिन जोर घेताना काळ्या धुराचा क्षणभर लोट येणे स्वाभाविक आहे, पण तो अर्धा मिनिट टिकला तर नोंद करावी. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. थंडीत इंजिन सुरू करताना दिसणारा पांढरा धूर थोड्या वेळाने जात असेल तर त्यावर शाई खर्च करू नये.

इथे माझीच एक फजिती सांगणे योग्य होईल. आमच्या इमारतीच्या गच्चीवर पहाटे काजळीचा थर दिसे आणि आम्ही सर्वांनी एकमताने यार्डातील इंजिनाला दोषी ठरवले होते. दोन आठवडे वेळेची नोंद ठेवल्यावर लक्षात आले की, इंजिन नसलेल्या दिवशीही थर तेवढाच होता आणि तो पहाटे तीन ते पाच या वेळेतच येत होता. शेवटी मागच्या गल्लीतील एका बेकरीची लाकडावर चालणारी भट्टी सापडली. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची आमची पूर्ण तयारी झाली होती, आणि नोंदवही नसती तर आम्ही ती दिलीही असती.

नोंदवही कशी ठेवावी

साधी शाळेची वही पुरते. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, काय दिसले, किती वेळ दिसले, वारा कोणत्या दिशेने होता आणि मालधक्क्यावर त्या वेळी रेक लागलेली होती का, एवढे असावे. वाऱ्याची दिशा कळण्यासाठी गच्चीवर मोकळ्या जागी उदबत्ती लावून मिनिटभर धुराकडे पाहावे. हवामानाच्या अॅपमधील दिशा संपूर्ण शहराची असते, तर इमारतींच्या दाटीत वारा भलत्याच बाजूला वळतो. वारा मालधक्क्याकडून घराकडे येत असताना धूळ वाढते आणि उलट दिशेला जाताना कमी होते, असे वहीतून दिसले, तर तो पुरावा भावनिक पत्रापेक्षा कितीतरी वजनदार ठरतो. हिवाळ्यातील पहाटेच्या नोंदी वेगळ्या खुणेने लिहाव्यात. निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली दाबली जाते, धूर वर चढत नाही आणि नेहमीचाच उगम दुप्पट त्रासदायक वाटतो. त्यामुळे जानेवारीची तुलना जानेवारीशीच करावी, मे महिन्याशी करू नये.

छायाचित्रे सार्वजनिक रस्त्यावरून, पादचारी पुलावरून किंवा स्वतःच्या गच्चीवरून काढावीत. पुराव्याच्या उत्साहात रुळांवर किंवा यार्डात शिरणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि जिवाला धोका आहे तो वेगळाच. ड्रोनचा विचारही करू नये : नाशिक रोड परिसरात चलनी नोटांचा व प्रतिभूती छपाईचा असे दोन्ही सरकारी कारखाने आहेत, शेजारी देवळालीची छावणी आहे, आणि हवेतून काढलेल्या एका चित्रापायी मूळ तक्रार बाजूला राहून आपणच चौकशीत अडकण्याची शक्यता जास्त आहे.

आकडे हवे असतील तर त्यांची मर्यादा समजून घ्यावी. नाशिकमधील हवा सतत मोजणारी स्वयंचलित केंद्रे गंगापूर रोड, पांडवनगरी, हिरावाडी आणि अंबड औद्योगिक वसाहत या भागांत आहेत आणि त्यांचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अॅपवर पाहता येतात. ही ठिकाणे मालधक्क्यापासून काही किलोमीटर दूर असल्यामुळे आपल्या खिडकीतील धूळ त्यांत दिसणार नाही, परंतु शहराची त्या दिवशीची सर्वसाधारण पातळी कळते आणि तिच्याशी ताडून पाहता येते. सोसायटीने वर्गणी काढून धूळ मोजणारा, लेझरवर चालणारा लहान संवेदक घेतला तर चढ-उतार समजतात. मात्र दमट हवेत असे संवेदक पाण्याच्या सूक्ष्म थेंबांनाही धूळ समजतात, म्हणून पावसाळ्यातील आणि धुक्याच्या पहाटेचे आकडे अर्जात देऊ नयेत. संवेदकाच्या आकड्याला कायदेशीर मापनाची किंमत नाही. "अमुक वेळेत पातळी नेहमीच्या तिप्पट होते, म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्वतः मापन करावे" अशी मागणी करण्यापुरता त्याचा उपयोग आहे आणि तो पुष्कळ आहे.

तुलनेसाठी राष्ट्रीय मानके जवळ असावीत. हवेतील सूक्ष्म कणांना पीएम म्हणतात आणि पुढचा आकडा कणाचा मायक्रोमीटरमधील कमाल व्यास सांगतो. २००९ च्या अधिसूचनेनुसार २४ तासांच्या सरासरीत पीएम १० साठी १०० आणि पीएम २.५ साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा आहे. वर्षाच्या सरासरीत ती अनुक्रमे ६० आणि ४० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी सुचवलेली वार्षिक पातळी ५ आहे, यावरून आपली मर्यादा किती सैल आहे हे कळते. डिझेलच्या धुराला याच संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने जून २०१२ मध्ये मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या घटकांच्या गटात घातले आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत नाशिकचा समावेश आहे, त्यामुळे महापालिकेला हवेसाठी कृती आराखडा राबवावा लागतो. अर्जात या कार्यक्रमाचा उल्लेख अवश्य करावा.

कोणाच्या दारात जावे

माझा पहिला अर्ज ज्या कार्यालयाकडे गेला, तेथून अडीच महिन्यांनी "सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही" असे एका ओळीचे उत्तर आले. राग येणे साहजिक होते, पण उत्तर चुकीचे नव्हते. मालधक्क्याच्या आतील जमीन आणि व्यवहार रेल्वेचा, फाटकाबाहेरील रस्ता महापालिकेचा, ट्रकचा धूर प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा, रांगेची शिस्त वाहतूक पोलिसांची आणि हवेचा कायदा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, अशी ही वाटणी आहे. एकाच घटनेवर तीन कार्यालयांना तीन वेगळी पत्रे लिहावीत, प्रत्येकात त्या कार्यालयाच्या अखत्यारीतील मागणीच ठेवावी आणि बाकीच्यांना प्रत दिल्याचे खाली नमूद करावे. सर्वांना एकच लांबलचक पत्र पाठवले तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

रेल्वेच्या आतही टेबले आहेत. नाशिक रोड स्थानक मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते, त्यामुळे पत्र भुसावळच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे पाठवावे. मालधक्क्यावरील चढ-उतार वाणिज्य शाखेकडे, शंटिंग परिचालन शाखेकडे, तर धक्क्याचा पृष्ठभाग, रस्ता आणि भिंत अभियांत्रिकी शाखेकडे असते. विषयाच्या ओळीतच शाखेचे नाव लिहिले तर पत्राचा आठवडाभराचा प्रवास वाचतो. विभागाच्या पातळीवर रेल्वे उपभोक्ता सल्लागार समिती असते. तिच्यावरील आपल्या भागातील सदस्य शोधून विषय बैठकीच्या इतिवृत्तात येईल असे पाहावे. १३९ क्रमांकावर किंवा रेल मदतवर तक्रार नोंदवता येते, पण ती व्यवस्था मुख्यत्वे प्रवाशांच्या तातडीच्या अडचणींसाठी आहे. धूळ हा रोजचा विषय असल्यामुळे केंद्र सरकारच्या लोकतक्रार पोर्टलवर रेल्वे मंत्रालयाच्या नावे केलेली लेखी नोंद अधिक टिकते.

काय मागावे

मागणी नेमकी असेल तरच उत्तर नेमके येते, म्हणून हा भाग मी सविस्तर लिहितो.

सिमेंटच्या रेकपासून सुरुवात करू. बंद वाघिणींच्या (मालडब्यांच्या) एका रेकमध्ये २,५०० टनांच्या आसपास सिमेंट येते, म्हणजे ५० किलोच्या सुमारे ५० हजार गोण्या. यातील प्रत्येक गोणी हमालाच्या पाठीवरून किंवा हातावरून वाघिणीतून धक्क्यावर आणि धक्क्यावरून ट्रकमध्ये जाते. गोणी आपटली की तिच्या शिवणीतून बारीक पूड उडते, फुटलेल्या गोणीतील सिमेंट धक्क्यावर सांडते आणि ट्रकचे प्रत्येक चाक ते पुन्हा हवेत उडवते. ट्रकमागे २० टन धरले तरी एका रेकसाठी सव्वाशे फेऱ्या होतात. ठरलेल्या तासांत रेक रिकामी झाली नाही तर विलंब आकार बसतो, म्हणून काम रात्रंदिवस घाईने चालते. धूळ होते ती याच घाईत.

अशा ठिकाणी "पाणी मारा" ही आपली पहिली मागणी असते आणि ती अर्धी चुकीची आहे. सिमेंटवर पाणी मारले तर माल खराब होतो आणि धक्क्यावर थर कडक होऊन बसतो, म्हणून कोणी ती मनावर घेत नाही. पाण्याची फवारणी ट्रकच्या रस्त्यावर आणि मोकळ्या आवारात मागावी. प्रत्यक्ष धक्क्यावर मात्र छप्पर, सांडलेले सिमेंट झाडूऐवजी शोषून घेणारे यंत्र आणि फुटलेल्या गोण्या तत्काळ दुसऱ्या गोणीत भरण्याची व्यवस्था मागावी. कोरड्या झाडूने झाडलेले सिमेंट साफ होत नाही, ते केवळ जागा बदलते. धक्क्याचा आणि आतील रस्त्याचा पृष्ठभाग पक्का काँक्रीटचा असणे ही सर्वांत परिणामकारक मागणी आहे, कारण खड्ड्यांत साचलेली धूळ वर्षभर उडत राहते. बाहेर पडणाऱ्या ट्रकवर ताडपत्री असावी आणि फाटकाशी चाके धुण्याची उथळ कुंडी असावी, म्हणजे धूळ महापालिकेच्या रस्त्यावर येत नाही. खताच्या आणि धान्याच्या रेकला यातील बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

ट्रकच्या रांगेसाठी टोकन पद्धत मागावी. सर्व ट्रक पहाटेपासून फाटकाशी उभे राहण्याऐवजी क्रमांक आल्यावरच धक्क्याकडे आले तर निम्मा धूर आणि सगळे हॉर्न वाचतील, असा माझा अंदाज आहे. उभ्या ट्रकचे इंजिन बंद ठेवण्याचा फलक मराठीत आणि हिंदीत असावा, कारण चालक दूरदूरच्या राज्यांतले असतात. एप्रिल २०२० नंतर नोंदलेले ट्रक धुरावर कडक मर्यादा घालणाऱ्या बीएस ६ निकषांचे आहेत, परंतु मालधक्क्याच्या फेऱ्यांना अनेकदा जुनी वाहने लावली जातात. त्यांच्या पीयूसीची तपासणी मोहीम परिवहन कार्यालयाकडे मागता येते.

डिझेल इंजिनाबाबत मागणी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नुसत्या उभ्या, पण चालू ठेवलेल्या मोठ्या डिझेल इंजिनाला तासाला सुमारे २५ लिटर डिझेल लागते. ब्रेकसाठी हवेचा दाब राहावा आणि बॅटरी भारित राहावी म्हणून ते चालू ठेवले जाते. भारतीय रेल्वेने त्यासाठी मुख्य इंजिनाशेजारी एक छोटे सहायक इंजिन बसवण्यास सुरुवात केली, ज्याला त्याच कामासाठी तासाला सुमारे ३ लिटर पुरतात. म्हणून "आमच्या यार्डात काम करणाऱ्या शंटिंग इंजिनाला सहायक इंजिन आहे का, आणि उभे असताना मुख्य इंजिन बंद करण्याचे आदेश काय आहेत" हा प्रश्न विचारणे सयुक्तिक आहे. त्याहून पुढची मागणी, डिझेलऐवजी विद्युत इंजिनाने शंटिंग करण्याची. यात खरी अडचण अशी की, मालधक्क्याच्या रुळांवर वरून माल हाताळता यावा आणि वाघिणीवर चढलेल्या कामगाराला धोका होऊ नये म्हणून बहुधा तार नसते. यावरचा उपाय २०२० मध्ये जबलपूरला दाखवला गेला आहे : तेथे तयार झालेले 'नवदूत' हे इंजिन तारेवरही चालते आणि तार नसलेल्या रुळांवर बॅटरीवरही चालते. शंटिंगसाठीच ते बनवले होते.

उभ्या इंजिनाचा प्रश्न क्षुल्लक वाटत असेल तर कॅलिफोर्नियातील रोझव्हिल यार्डाचे उदाहरण पाहावे. त्या राज्याच्या हवा मंडळाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यार्डातील डिझेल कणांपैकी सुमारे ४५ टक्के वाटा केवळ उभ्या, चालू इंजिनांचा निघाला. पुढच्याच वर्षी मंडळाने तेथील युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ या दोन रेल्वे कंपन्यांशी करार केला. त्यात विनाकारण चालू इंजिने आपोआप बंद करणारी उपकरणे आणि धूर ओकणाऱ्या इंजिनांची दुरुस्ती ही कलमे होती. आपल्याकडचे यार्ड त्या मानाने लहान आहे आणि इंजिनेही थोडी आहेत, पण मोजणी, वाटा, आणि मग करार हा क्रम उचलण्यासारखा आहे.

प्रवासी गाड्यांच्या दोन्ही टोकांना असणारे जनित्राचे डबे हा आणखी एक उगम. एलएचबी या नव्या बनावटीच्या डब्यांच्या गाड्यांत दिवे आणि वातानुकूलन त्यांच्यावर चालत असे; आता बऱ्याच गाड्यांत ही वीज इंजिनाकडून, म्हणजे वरच्या तारेतूनच घेतली जाते. फलाटावर उभ्या एखाद्या गाडीचा जनित्राचा डबा अजूनही घरघरत असेल तर गाडीचा क्रमांक आणि तारीख लिहून विचारणा करावी. आवारातील इतर जनित्रांना खंडित वीजपुरवठ्यापुरते चालवावे, एवढी मागणी पुरे.

कचरा जाळण्याबाबत मात्र अजिबात भिडस्तपणा करू नये. रुळांच्या कडेला साचलेले प्लास्टिक काडी लावून संपवणे सोपे असते आणि तो धूर या सगळ्यांत सर्वांत विषारी असतो. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ च्या आदेशाने देशभर बंदी घातली. साध्या प्रसंगी ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई त्यात सांगितली आहे. वेळ दिसणारे एक छायाचित्र येथे पुरेसे असते.

दोन मागण्या मी मुद्दाम करत नाही. पहिली, रेल्वेने माल आणणेच बंद करावे ही. तोच माल रस्त्याने आला तर शेकडो ट्रक घाट चढून येतील आणि दर टनामागे अधिक डिझेल जाळतील. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातील पहिली किसान रेल्वे देवळालीहून दानापूरला निघाली, तेव्हा नाशिकच्या शेतमालाला रुळांची किती गरज आहे हे सर्वांना दिसले होते. दुसरी, मालधक्का शहराबाहेर हलवावा ही. ती लोकप्रिय आहे, परंतु छप्पर आणि पक्का धक्का नसेल तर धूळ केवळ आपल्या खिडकीतून एखाद्या खेड्यातील द्राक्षबागेवर जाईल. २०२७ च्या सिंहस्थासाठी परिसरातील स्थानकांवर कामे होत आहेत. नवा धक्का कुठेही होवो, त्याच्या आराखड्यात या गोष्टी आधीच याव्यात म्हणून आताच पत्र देणे शहाणपणाचे आहे. त्याच कामांच्या खडी-मातीची धूळही आपल्याच वहीत नोंदवावी, कारण ती तात्पुरती असली तरी वर्ष-दोन वर्षे राहते.

माहितीचा अधिकार

पत्राला महिनाभरात उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराकडे वळावे. रेल्वे ही केंद्राची, तर प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि महापालिका या राज्यातील यंत्रणा असल्यामुळे अर्जाची संकेतस्थळे वेगळी आहेत. शुल्क दोन्हीकडे १० रुपये आहे. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो. केंद्राकडे ५०० शब्दांची मुभा आहे. "का" ने सुरू होणारे प्रश्न टाळावेत, कारण कायदा कागद देतो, स्पष्टीकरण देत नाही. त्याऐवजी असे विचारावे : मागील १२ महिन्यांत या मालधक्क्यावर लागलेल्या रेकची तारीख, वेळ व मालाचा प्रकार दर्शवणाऱ्या नोंदींची प्रत, धूळ नियंत्रणासाठी हाताळणी करणाऱ्यांना दिलेल्या सूचनांची प्रत, हवा अधिनियम, १९८१ खालील संमतिपत्र असल्यास त्याची व त्यातील अटींची प्रत, सफाईच्या कंत्राटातील यंत्राने झाडण्याच्या कलमाची प्रत. रेकच्या तारखा हाती आल्या की त्या आपल्या नोंदवहीशेजारी ठेवाव्यात. माझ्या अनुभवात सर्व पत्रव्यवहाराचे पारडे इथेच फिरते, कारण आपण लिहिलेली धुळीची तारीख आणि त्यांनीच दिलेली रेकची तारीख एकमेकींना साक्ष देतात.

उत्तरासाठी ३० दिवस, न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत दुसरे अपील असा क्रम आहे. रेल्वेविरुद्धचे दुसरे अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते, हे लक्षात ठेवावे. चुकून राज्य आयोगाकडे पाठवले तर वर्ष जाते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्याला आहे. तेथे वाद उपस्थित झाल्यापासून साधारण सहा महिन्यांत जावे लागते, म्हणून घटनांच्या तारखा सांभाळाव्यात, पण ती पायरी वकिलाच्या सल्ल्यानेच चढावी.

तोपर्यंत घरात आणि धक्क्यावर

रेक लागलेल्या दिवशी त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवून विरुद्ध बाजूच्या उघडाव्यात, फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, दम्याच्या रुग्णांनी एन ९५ मुखपट्टी वापरावी. सोसायटीच्या कुंपणालगत करंज, कडुनिंब, बकुळ अशी दाट पानांची झाडे दोन ओळींत लावावीत. ती मोठी होईपर्यंत हिरवी जाळी बांधावी. झाडे धूळ अडवतात, डिझेलचा धूर फारसा अडवत नाहीत.

आपण चौथ्या मजल्यावरून तक्रार करत असतो, तेव्हा खाली एक माणूस तेच सिमेंट डोक्यावरून वाहत असतो. घामात मिसळलेले सिमेंट त्वचा भाजते. फाटका रुमाल तोंडाला बांधलेल्या हमालाला मुखपट्टी, हातमोजे, धुण्यासाठी पुरेसे पाणी आणि कपडे बदलायला आडोसा मिळावा, ही मागणी आपल्या प्रत्येक पत्रात असावी. ती न्याय्य तर आहेच, शिवाय धक्क्यावरील कामगारांच्या संघटना आणि रहिवासी एकत्र आले तर पत्राला वेगळे वजन येते. आम्ही सुरुवातीला कामगारांना विरोधक समजत होतो आणि त्यात वर्ष घालवले.

शेवटी संयुक्त पाहणी मागावी. रेल्वेची वाणिज्य शाखा, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे क्षेत्र अधिकारी आणि महापालिकेचा विभागीय अधिकारी एकाच वेळी जागेवर आले पाहिजेत. अधिकारी सहसा सकाळी अकराची वेळ देतात आणि त्या वेळी धक्का बहुधा धुतल्यासारखा स्वच्छ असतो. म्हणून विनंतीपत्रातच "सिमेंटची रेक रिकामी होत असताना" अशी अट लिहावी, शक्य तर माहितीच्या अधिकारात मिळालेल्या तारखांवरून कोणत्या वारी आणि कोणत्या प्रहरी रेक अधिक लागतात हेही सुचवावे, आणि त्या दिवशी सोबत नोंदवही, रुमालाचे डाग चिकटवलेला कागद, रेकच्या नोंदींची प्रत आणि पाहणीच्या टिपणावर सर्वांच्या सह्या घेण्यासाठी दोन पेने न्यावीत.